शब्दांची पेठ : जर-तरचा सौदा

मागील लेखांकात ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्या पेठेत कसा आला, ते आपण पाहिले. त्याच वाटेने आलेला ‘पगार’ हा शब्द या वेळी हाती घ्यावयाचा, असे ठरविले होते. परंतु तो हाती घेता घेता आमच्या घरातील एका फसलेल्या सौद्याची हकीकत मध्ये आली आणि लेखाने निराळेच वळण घेतले. हे वळण स्पेनपर्यंत जाते. सुरुवात मात्र पोफळीच्या आमच्या दुकानात आहे.

पोफळी हे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे गाव. घाट उतरून चिपळूणकडे निघालेला माल आमच्या दारावरून जातो. गावाचे नाव बाहेर ठाऊक झाले ते कोयनेच्या वीजगृहामुळे. वीजगृहाची वसाहत झाली, चारी दिशांची माणसे येथे आली, आणि माझ्या सासऱ्यांनी घाटमाथ्यावरून येऊन त्यांच्यासाठी किराण्याचे दुकान घातले. मी मराठी आणि संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीनंतर सकाळची वेळ गल्ल्यावर बसते. वसाहतीतील गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘काकू, दोन किलो साखर हवी होती.’ तीसेक वर्षे हे वाक्य माझ्या कानांवर पडते आहे. साखर त्या माणसाला आत्ता हवी आहे. काल हवी होती आणि आज नको, असे काही नाही. तरीही तो ‘होती’ म्हणतो, मी साखर तोलते आणि दोघांपैकी कोणालाच त्यात वावगे वाटत नाही. इतकी वर्षे व्याकरण शिकवूनही या ‘होती’कडे माझे लक्ष गेले नव्हते. ते वेधले माझ्या पुतणीने, तेही रडवेल्या चेहऱ्याने.

माझे धाकटे दीर चिपळूणला काजूच्या व्यवसायात आहेत. कच्ची बी विकत घ्यायची, भाजून-फोडून-सोलून गर काढायचा, प्रतवारी लावायची आणि डबे भरायचे. त्यांची मुलगी पुण्याला शिकत असताना वर्षभर स्पॅनिशच्या वर्गाला जात होती. स्पेनमधील एका खरेदीदाराशी नुकताच पत्रव्यवहार सुरू झाला होता आणि तो सारा तिच्याकडे होता. बापाला लेकीचे केवढे कौतुक! दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते सांगत, ‘आमच्या पेढीवर आता परदेशी भाषेची मुनीम आहे.’

ऐन काजूच्या हंगामात त्या खरेदीदाराचे पत्र आले. त्यातील कळीचे वाक्य देवनागरीत लिहिते : ‘सि मान्दारान ला मेर्कान्थीआ आन्तेस दे हूनिओ, पागारिआमोस ला मिताद पोर आदेलान्तादो.’ पुतणीने त्याचा अर्थ सांगितला : ‘जूनच्या आत माल पाठवणार असाल, तर निम्मी रक्कम आगाऊ देऊ.’ दिरांना ही वरात दारी आल्यासारखी वाटली. त्यांनी हंगामाच्या चढ्या भावाने बी उचलली, काही रक्कम व्याजाने घेतली आणि ‘डब्ल्यू ३२०’ प्रतीचे, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतात त्या प्रतीचे, दोनशे डबे भरले. एका डब्यात अकरा किलोंच्या वर माल असतो. तेव्हा सव्वादोन टनांचा हा पसारा झाला. मग ‘माल तयार आहे, ठरल्याप्रमाणे आगाऊ रक्कम पाठवावी’ असे पत्र गेले. चार दिवसांनी उत्तर आले. अतिशय सभ्य भाषेत खरेदीदाराने कळविले की, काही ठरले असल्याचे त्यांना स्मरत नाही. त्यांनी केवळ शक्यता विचारली होती.

दीर पत्र घेऊन पोफळीला आले. ‘वहिनी, तुम्ही व्याकरण शिकवलंत. मला एवढंच सांगा, त्यानं शब्द फिरवला की आमच्या पोरीनं चुकीचं वाचलं?’

मला स्पॅनिश येत नव्हते, आजही बेताचेच येते. परंतु व्याकरणाची एक गंमत आहे. एका भाषेचे कुलूप ज्याने नीट उघडून पाहिले असेल, त्याला दुसऱ्या भाषेच्या कुलपात चावी कोठे जाते एवढे तरी दिसते. मी म्हटले, ‘भाऊजी, पोरीला चार दिवस माझ्याकडे पाठवा. पुस्तक घेऊन येऊ दे.’ ती आली तेव्हा पावसाळा लागला होता. सह्याद्रीच्या कड्यांवरून पाणी कोसळत होते आणि गिऱ्हाईक तुरळक होते. दुकानातच वहीवर आमचा अभ्यास चालला.

दोष एका इवल्याशा रेघेत होता. स्पॅनिशमध्ये स्वरावर कधी कधी एक तिरकी रेघ देतात. आघात तेथे पडतो. ‘मान्दार’ म्हणजे पाठविणे. ‘मान्दारान’ या रूपाचा आघात शेवटच्या ‘रान’वर असेल आणि वर रेघ असेल, तर अर्थ होतो ‘ते पाठवतील’. रेघ नसेल आणि आघात मधल्या ‘दा’वर असेल, तर ते निराळेच रूप होते, ‘ते पाठवते, पाठवते ना, तर’ या चालीचे. पत्रात रेघ नव्हती. पुतणीला वाटले, घाईने टंकताना राहून गेली असेल. पुष्कळ लोक गाळतात. तिच्या वर्गात भविष्यकाळ शिकवून झाला होता. हे दुसरे रूप अद्याप यावयाचे होते. स्पेनच्या सेर्वान्तेस संस्थेच्या सहा पायऱ्यांच्या अभ्यासक्रमात ते चौथ्या पायरीवर येते. मुलगी दुसरी पायरी चढून पेढीवर बसली होती. डोळ्यांना जे ओळखीचे दिसले, तेच तिने वाचले.

दुसरीही एक खूण होती आणि तीही निसटली. ‘सि’ म्हणजे ‘जर’. या ‘सि’च्या पाठोपाठ स्पॅनिश माणूस भविष्यकाळ कधीच ठेवीत नाही. ‘पाठवणार असाल तर’ असे म्हणावयाचे असेल, तर तो साधा वर्तमानकाळ वापरतो : ‘सि मान्दान’. म्हणजे रेघ असो वा नसो, ‘सि’ दिसताच ते भविष्याचे रूप असूच शकत नव्हते. पाटी पाहून मालाची ओळख पटावी तसे हे आहे. मी हे म्हटल्यावर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘काकू, म्हणजे त्यांनी फसवलं नाही.’ नाही फसवले. त्यांनी भाव काढला होता आणि आपण तो सौदा समजलो.

या रूपाला स्पॅनिश व्याकरणात जे लांबलचक नाव आहे, त्याचा मराठी अर्थ ‘अपूर्ण भूतकाळी संकेतार्थ’ असा काहीसा होईल. नाव ऐकूनच मुले पुस्तक मिटतात. प्रत्यक्षात रूप करणे इतके सोपे आहे की, ते कोणी आधी का सांगत नाही याचे मला आश्चर्य वाटले. धातूचे भूतकाळातील ‘त्यांनी केले’ हे रूप घ्यावे, त्याच्या शेवटचे ‘रोन’ काढून टाकावे आणि तेथे ‘रा’ बसवावा. बस्स.

आता आपला ‘पगार’ येथे उपयोगी पडतो. पोर्तुगिजांचा ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. त्यावरून आपला पगार आला. स्पॅनिशमध्येही हा धातू अगदी तोच आहे. ‘पागारोन’ म्हणजे त्यांनी पैसे दिले. ‘रोन’ गेला, ‘पागा’ उरले, त्याला ‘रा’ लावला. मग पुतणीने मोठ्याने पाढा म्हणावयास सुरुवात केली : पागारा, पागारास, पागारा, पागारामोस, पागाराइस, पागारान. मी, तू, तो; आम्ही, तुम्ही, ते. ‘आम्ही’च्या रूपात तेवढी ‘रामोस’च्या आधीच्या स्वरावर रेघ येते, बाकी कोठेही नाही. दाराशी छत्री मिटून उभा असलेला एक मजूर हे ऐकून म्हणाला, ‘पगार झाला वाटतं कुणाचा!’

खरेदीचा धातू ‘कोम्प्रार’. तेथेही हीच रीत : कोम्प्रारोन, कोम्प्रारा. विक्रीचा ‘बेन्देर’ हा दुसऱ्या गणातला. त्याचे ‘त्यांनी विकले’ हे रूप ‘बेन्दिएरोन’, म्हणून ‘बेन्दिएरा’. माल मिळणे, स्वीकारणे याचा ‘रेथिबिर’ तिसऱ्या गणातला, ‘रेथिबिएरोन’वरून ‘रेथिबिएरा’. दुसऱ्या आणि तिसऱ्या गणांत येथे काडीचाही फरक नाही, दोघांनाही ‘इएरा’ लागते. जे धातू भूतकाळात वाकडे चालतात, तेही येथे नवा त्रास देत नाहीत. त्यांचे वाकडेपण भूतकाळातच संपलेले असते. ‘त्यांना हवे होते’ हे ‘किसिएरोन’, म्हणून ‘किसिएरा’. या नियमाला अपवाद नाही. व्याकरणात असे विधान क्वचितच करता येते, म्हणून ते आनंदाने करते.

जोडीला ‘रा’ऐवजी ‘से’ लावूनही हेच रूप होते : पागासे, पागासेस, पागासे, पागासेमोस, पागासेइस, पागासेन. अर्थ बहुतेक तोच. बोलण्यात ‘रा’चे चलन अधिक आहे. खरे सांगावयाचे, तर त्या खरेदीदाराने ‘मान्दारान’ऐवजी ‘मान्दासेन’ लिहिले असते, तर आमचे दोनशे डबे वाचले असते, कारण ‘से’च्या रूपासारखे दिसणारे भविष्यकाळी रूप नाही. रेघेचा हा घोळ पहिल्या गणातच होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गणांत ‘बेन्दिएरा’ निराळे आणि ‘विकेल’ या अर्थाचे ‘बेन्देरा’ निराळे. ते कानालाही कळते. आपले दुर्दैव असे की, पाठवणे, विकत घेणे आणि पैसे चुकते करणे, हे व्यापाराचे तिन्ही मुख्य धातू नेमके पहिल्या गणातले आहेत. पैसे ‘देईल’ आणि ‘देता तर’ यांत अंतर एका रेघेचे! ज्यांची मुले स्पॅनिश शिकत असतील त्यांनी एवढे तरी वहीत लिहून ठेवावे.

रूप झाले. ते वापरावयाचे कोठे, येथे खरी अडचण येते. मुले येथे इंग्रजीची काठी धरतात आणि ठेचकाळतात, कारण इंग्रजीत या अर्थाचे स्वतंत्र रूप जवळजवळ झिजून गेले आहे. आपल्याकडे ते झिजलेले नाही. शाळेच्या व्याकरणात आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. परीक्षा झाल्यावर विसरलो. स्पॅनिशच्या या एका रूपासाठी मराठीच्या त्या कपाटातील दोन खण उघडावे लागतात.

पहिला खण संकेतार्थाचा. ‘पाऊस पडता तर पीक वाचते’ अशी वाक्ये जुन्या मराठीत सर्रास येत. आज आपण ‘पडला असता तर वाचले असते’ म्हणतो. पण ‘असणे’ या क्रियापदात ते जुने रूप अजून टवटवीत आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर’, ‘गाडी असती तर’, ‘वेळ असता तर’. पैसे नाहीत, गाडी नाही, वेळ नाही. आणि तरीही ते असल्याची कल्पना करून आपण पुढे बोलतो. स्पॅनिशची ‘रा’ची रूपे ‘सि’नंतर नेमके हेच काम करतात. भेद एवढाच की, आपले रूप लिंग पाहते आणि त्यांचे रूप केवळ पुरुष व वचन पाहते. शिवाय ‘मी’ आणि ‘तो’ यांना त्यांच्याकडे एकच रूप पुरते.

पुतणीला उदाहरण हवे होते. ते दुकानाच्या दाराबाहेरच होते. कोयना नदी मूळची पूर्वेकडे जाणारी. कऱ्हाडला ती कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे निघते. धरण बांधून, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून तिचे पाणी पश्चिमेला वळविले, आणि १९६२ पासून ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चाके फिरवू लागले. पुढे तेच पाणी कोळकेवाडीच्या धरणात जाते, तेथून अलोऱ्याच्या वीजगृहातून वाशिष्ठीला मिळते आणि शेवटी अरबी समुद्रात. मी म्हटले, ‘बोगदा नसता तर हे पाणी पूर्वेला गेले असते. वसाहत नसती, आपले दुकान नसते, आणि तू येथे बसून रडली नसतीस.’ ती हसली आणि तिने ते वाक्य स्पॅनिशमध्ये बांधले. या गावाचे अवघे अस्तित्वच एका ‘नसता तर’वर उभे आहे, हे मलाही तेव्हाच लक्षात आले.

दुसरा खण विध्यर्थाचा. ‘त्यांनी पैसे द्यावेत अशी आमची इच्छा होती.’ यातील ‘द्यावेत’साठी स्पॅनिश माणूस पुन्हा ‘पागारान’च वापरतो. येथे मात्र मराठी मुलाला एक नवी सवय लावून घ्यावी लागते. आपण म्हणतो, ‘द्यावेत अशी इच्छा आहे’ आणि ‘द्यावेत अशी इच्छा होती’. मागचे क्रियापद बदलते, ‘द्यावेत’ तसेच राहते. स्पॅनिशमध्ये दोन्ही बदलतात. इच्छा आजची असेल, तर वर्तमानकाळी ‘पागेन’; इच्छा कालची असेल, तर ‘पागारान’. एका काट्यावर दोन्ही पारडी हलतात. पुतणीची निम्मी चुकलेली वाक्ये याच जागी अडत होती आणि तिच्या पुस्तकातील इंग्रजी टिपेतून ते उलगडत नव्हते. आपली मराठीची ओळ शेजारी लिहिली आणि कोठे काय हलते ते दाखविले, तेव्हा एका दुपारीत गाठ सुटली.

व्यापारी पत्रात आणखी एक मर्यादा पाळतात. समोरच्याला आदराने ‘उस्तेद’ म्हणायचे. हा शब्द जुन्या ‘आपली कृपा’ या अर्थाच्या संबोधनाचा आक्रसलेला अवशेष आहे, म्हणून त्याचे क्रियापद ‘तुम्ही’चे न येता ‘तो’चे येते. ‘साहेबांनी सांगावे’, ‘शेठजींनी यावे’ असे समोर उभ्या असलेल्या माणसालाच आपण म्हणतो ना, तसे. म्हणून ‘मान्दारान’चा अर्थ ‘ते पाठवते’ असा दिसला, तरी पत्रात तो ‘आपण पाठवलेत तर’ असा घ्यावयाचा.

आता त्या ‘हवी होती’कडे येते. दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीतील एक बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘काकू, पावशेर तीळ हवे होते.’ पुतणी माझ्याकडे पाहू लागली. ‘काकू, हे तर किसिएरा!’ मला क्षणभर कळेना. स्पेनमधील दुकानात गिऱ्हाईक ‘मला हवे आहे’ असे धडधडीत म्हणण्यापेक्षा ‘किसिएरा’ म्हणते. शब्दशः ‘मला हवे असते’. भाव मात्र आपल्या ‘हवे होते’चा. मागणीतील कडकपणा काढून टाकण्यासाठी आपण तिला एक पाऊल मागे, भूतकाळात नेतो. ‘हवे आहे’ म्हटले की समोरच्यावर भार पडतो. ‘हवे होते’ म्हटले की त्याला नाही म्हणावयाची वाट मोकळी राहते. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, शिष्टाचारासाठी एकच युक्ती योजली आहे.

मग माझ्या मनात आले, ही युक्ती शिष्टाचारापुरतीच आहे का? ‘पाऊस आला तर छत्री घे.’ पाऊस यावयाचा आहे, तरी आपण ‘आला’ म्हणतो. ‘किसिएरा’तील ‘रा’चा पूर्वेतिहास पाहिला, तर हे रूप लॅटिनमध्ये सरळ ‘केले होते’ या अर्थाचे होते. जुन्या स्पॅनिशमध्येही ते तसे वापरीत. शतके लोटता लोटता ‘केले होते’चे ‘केले असते’ झाले. पत्रातील ‘पागारिआमोस’ हे ‘देऊ’ अशा शक्यतेचे रूपही मुळात ‘देणे’ आणि ‘होते’ यांच्या जोडाचेच आहे. आणि संस्कृतचा लृङ् आठवा. ‘अभविष्यत्’ म्हणजे ‘झाले असते’. ‘भविष्य’ हा भविष्यकाळाचा अंश आणि त्याच्या आधी ‘अ’ हा भूतकाळाचा आगम. होणार होते, परंतु झाले नाही. आपल्या हेमचंद्राचार्यांच्या सिद्धहेम व्याकरणात, बाराव्या शतकात, या रूपवर्गाला ‘क्रियातिपत्ति’ म्हटले आहे, म्हणजे क्रिया घडावयाची राहून जाणे. स्पॅनिशच्या त्या बोजड नावापेक्षा हे नाव मला कितीतरी नेमके वाटते. जे घडले नाही ते सांगावयास भाषेकडे वेगळा माल नसतो. ती घडून गेलेल्याच्या कोठारात जाते आणि तेथील मापानेच न घडलेले मोजून देते. स्पॅनिशमध्ये ‘त्यांनी दिले’ हे रूप आल्याखेरीज ‘ते देते तर’ हे रूप तयारच करता येत नाही, याचे मर्म मला येथे दिसते.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या तरी ओठांवर आता ‘स्यात्’ हा शब्द आला असेल. स्याद्वादातील ‘स्यात्’ दिसावयास विध्यर्थाचे रूप आहे, आणि त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा लावणारे पुष्कळ भेटतात. परंतु आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत त्याला निपात म्हटले आहे. ते क्रियापद नव्हे, आणि त्यात संशयही नाही. अमुक अपेक्षेने हे असेच आहे, असा त्यात निश्चय आहे. ‘पागारान’मध्ये तसला निश्चय मुळीच नाही. दोहोंची गल्लत करू नये.

परदेशी माणूस आणि आपले ‘जर-तर’ यांची गाठ कोकणात फार पूर्वी पडली आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण, पोर्तुगीज भाषेत, त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. मराठीचे पोर्तुगीज भाषेतील एक व्याकरण १७७८ मध्ये रोमला छापले गेले. लॅटिनचा साचा समोर ठेवून त्या लोकांनी आपली क्रियापदे त्यात ओतली. मग १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी मराठीचे व्याकरण मराठीत उभे केले. पोफळीच्या दुकानात आम्ही दोघी दामल्यांचा ग्रंथ उघडून उलटा उद्योग करीत होतो : स्पॅनिशची क्रियापदे मराठीच्या साच्यात ओतीत होतो. साचा कोठे कोठे अपुरा पडला, पण गळका निघाला नाही.

पुतणी चिपळूणला परत गेली, तेव्हा घरी वातावरण थंडच होते. पत्रव्यवहार दिरांनी स्वतःकडे घेतला होता. भ्रमणध्वनीत पत्र घालायचे आणि निघेल तो अनुवाद खरा मानायचा, असा नवा शिरस्ता पडला होता. ते तिला रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे ती मला म्हणाली. आणि हे वाक्य बोलताना तिचे तिलाच हसू आले. डबे गोदामात होते. पावसाळी हवेत काजूला दमटपणा बाधू नये म्हणून दर आठवड्याला कोणीतरी जाऊन पाहत असे. व्याज चालू होते.

श्रावणात त्या खरेदीदाराने पुन्हा चौकशी केली. भ्रमणध्वनीने जो अनुवाद दिला, त्यात ‘आपण पाठवाल’ होते की ‘आपण पाठवलेत तर’ होते, ते दिरांना ठरविता येईना. त्यांनी कागद मुलीपुढे सरकवला, काही बोलले नाहीत. तिने प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढली, कोठे निश्चय आहे आणि कोठे केवळ चाचपणी आहे ते समासात लिहिले, आणि मगच उत्तराचा मसुदा केला. त्यात एक ओळ होती : ‘किसिएरामोस के उस्तेदेस पागारान ला मिताद पोर आदेलान्तादो.’

दिरांनी विचारले, ‘याचा अर्थ?’

‘निम्मी रक्कम आपण आगाऊ द्यावी, अशी आमची इच्छा होती.’

‘होती म्हणजे? आता नाही का इच्छा?’

‘पप्पा, काकूंच्या दुकानात लोक साखर हवी होती म्हणतात. त्यांना ती नको असते का?’

दिरांनी मला दूरध्वनी करून खात्री करून घेतली; मी म्हटले, ‘जाऊ द्या पत्र, भाऊजी.’ पत्र गेले. आठवड्याने निम्म्याऐवजी एक तृतीयांश आगाऊ रक्कम देण्याचे कबूल करणारे उत्तर आले. भाव त्यांनी थोडा पाडून मागितला होता. दोनशेपैकी एकशेवीस डबे गेले. उरलेले मुंबईच्या बाजारात दिवाळीच्या मागणीला खपले. व्याजाचा हिशोब धरला तर या सौद्यात नफा झाला, असे म्हणता येणार नाही.

पत्रव्यवहार पुन्हा पुतणीकडे आला आहे. मात्र पत्र हाती पडले की दीर आधी चष्मा लावतात आणि प्रत्येक ‘रा’वर बोट ठेवून विचारतात, ‘यावर रेघ आहे का गं?’